हिकोनेच्या तळ्याभोवती साडेतीन फेऱ्या

जपानहून परत येऊन तीन आठवडे झाले. रेडमंडला पाऊस सुरू आहे, तो आता मार्चपर्यंत राहील. इथल्या मराठी मंडळात जो भेटतो तो विचारतो, "काय मग, फुजी पाहिला का?" फुजी ढगात होता. टोकियोत आम्ही दीड दिवस होतो आणि त्यातला अर्धा दिवस एका स्टेशनातून बाहेर पडण्याचं दार शोधण्यात गेला. क्योटोची देवळं सुंदर आहेत, पण त्यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. मला सांगायचं आहे ते हिकोनेबद्दल, जिथे आमच्या ओळखीचं कुणीही गेलेलं नाही.

आम्ही तिघी होतो. मी, माझ्या नणंद सुलभाताई आणि त्यांची मुलगी रेणू. ताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मिरजेला डॉक्टर झाल्या, लग्न होऊन ओहायोला आल्या आणि भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर काम करून आता ओहायोतल्याच डब्लिनला राहतात. रेणू तिकडेच जन्मली. ती वेस्ट विंडसरला असते, औषधांच्या संशोधनात आहे. माझा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, "नणंद-भावजय दोन आठवडे एका खोलीत, मी मध्ये पडणार नाही," असं म्हणून घरीच राहिला.

हिकोने, संध्याकाळ

क्योटोहून हिकोने गाडीनं तासाभराच्या आत येतं. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी टेकडीवर छोटासा पांढरा किल्ला. पलीकडे बिवा सरोवर. सरोवर म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नव्हता. ताई बघून म्हणाल्या, "हे तर आमच्या लेक ईरीसारखं आहे."

आमचं निवासस्थान जुन्या पद्धतीचं होतं. चटयांची जमीन, जमिनीवर गाद्या. ताईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. खाली बसणं त्यांना जमतं, उठणं जमत नाही. मालकीणबाईंनी हे एका नजरेत ओळखलं आणि न विचारता एक बुटकी खुर्ची आणून ठेवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जपानी. तरी जेवताना त्यांनी प्रत्येक वाटीचं नाव सांगितलं आणि आम्ही माना डोलावल्या.

त्यात विटेच्या रंगाच्या वड्या होत्या. मी गाजराच्या समजून मोठ्या अपेक्षेनं एक तोंडात टाकली. ती निघाली कसल्याशा कंदाची, रबरासारखी लवचिक, गोड नाही की तिखट नाही. रेणूनं फोनवर वाचून सांगितलं की इथल्या एका सरदाराला लाल रंगाची आवड होती म्हणून ही लाल करतात, अशी एक गोष्ट सांगतात. दुसऱ्या वाटीत सरोवरातला मासा होता, मीठ आणि भातात घालून वर्षभर मुरवलेला. वास असा की रेणू खिडकीपाशी जाऊन बसली. ताईंनी मात्र एक काप खाल्ला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस विसरलेलं ताक. वाईट नाही." मग पिशवीतून मेतकुटाची डबी काढली. गरम भातावर मेतकूट आणि वर थोडं तूप. मालकीणबाईंनी बोटाच्या टोकावर चिमूटभर घेऊन चाखलं आणि डबी उचलून झाकणावर काही लिहिलंय का ते पाहू लागल्या. ते ताईंनी घरी केलेलं होतं.

रेणू अंघोळीला गेली तेव्हा ताई मला म्हणाल्या, "नीला, उद्या ती आली नाही तर मी रेणूला काय सांगू?"

ती म्हणजे साचिको. या प्रवासाचं खरं कारण. तोवर मला एवढंच ठाऊक होतं की क्लीव्हलंडला हॉस्पिटलात ताईंबरोबर शिकणारी एक जपानी मैत्रीण होती आणि तिला भेटायचं आहे. बाकीचं त्या संध्याकाळी कळलं.

दोघी परदेशी, दोघी बायका, म्हणून हॉस्पिटलनं त्यांना एकच क्वार्टर दिलं होतं. वर साचिको, खाली ताई आणि त्यांचे यजमान, स्वयंपाकघर सामाईक. रेणू दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मली, जेमतेम तीन पौंडांची. ती तीन आठवडे काचेच्या पेटीत होती आणि ते तीन आठवडे ताईंच्या सगळ्या नाइट ड्यूट्या साचिकोनं केल्या, स्वतःच्या सांभाळून. चार महिन्यांनी साचिकोच्या वडिलांच्या आजारपणाची तार आली. तिला जपानला जाऊन यायचं होतं. सहा रात्री तू करशील का, असं तिनं ताईंना विचारलं.

"मी नाही म्हटलं," ताई म्हणाल्या. "रेणू सारखी आजारी पडायची. मी उभ्या उभ्या झोपायचे. पण कारण काहीही असो, मी नाही म्हटलं. वडील त्याच आठवड्यात गेले. मग ती शिक्षण अर्धवट सोडून परत गेली, त्यांचा दवाखाना चालवायला. मी तिला पोचवायला एअरपोर्टवरसुद्धा गेले नाही. तोंड कसं दाखवायचं?"

"नंतर काहीच नाही?"

"नवीन वर्षाची कार्डं यायची. काही वर्षांनी तीही थांबली. मी समजले."

पुढचं रेणूचं काम. आईनं कधीतरी हे नाव घेतलं होतं, ते तिनं लक्षात ठेवलं. तिच्या लॅबमधल्या एका जपानी सहकाऱ्यानं हिकोनेतल्या दवाखान्यांना फोन केले. तिसऱ्या दवाखान्यात साचिकोबाईंचा मुलगाच डॉक्टर निघाला. मग एक कार्ड आलं, सुरेख इंग्रजी अक्षरात. तारीख, 'सकाळी अकरा वाजता', बागेचं नाव, आणि 'तळ्याजवळ'. बाकी एक शब्द नाही. राग आहे की प्रेम आहे, काही कळायला मार्ग नव्हता.

तळ्याजवळ, अकरा वाजता

बागेचं नाव गेंक्यूएन. किल्ल्याच्या पायथ्याशी, आतल्या खंदकाला लागून. इथले डाइम्यो, म्हणजे आपल्या सांगली-मिरजेसारखे संस्थानिक म्हणा, त्यांचा सरोवराकाठचा वाडा इथे होता, आणि वाड्याला लागून सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी केलेली ही बाग. तेव्हा सरोवराचं पाणी पार इथवर होतं. पुढे भराव घालून शेती झाली आणि सरोवर लांब गेलं.

ही बाग बसून बघायची नाही, फिरून बघायची. मधोमध मोठं तळं, त्यात बेटं, बेटांवर वाकडे पाइन, आणि तळ्याभोवती एक पाऊलवाट. दर वीस पावलांवर वाट वळते आणि वळली की मागचं दृश्य झाकून नवीन समोर येतं. एका वळणावर पांढरा किल्ला झाडांच्या वर तरंगताना दिसतो, पुढच्या वळणावर तो नाहीसा होतो आणि दगडांचा कडा दिसतो. सरोवराभोवतालची आठ नावाजलेली ठिकाणं इथे छोट्या रूपात मांडली आहेत असं म्हणतात. करणाऱ्याची इच्छा अशी की तुम्हाला कधीच सगळं तळं एकदम दिसू नये.

आम्ही पावणेअकराला पोचलो. नोव्हेंबरच्या मानानं ऊन उबदार होतं. मेपल निम्मे लाल, निम्मे हिरवे. वाटेच्या कडेला दोन माळीबाबा गुडघे टेकून बसले होते आणि शेवाळावर पडलेल्या पाइनच्या सुया चिमटीनं एकेक वेचत होते. ताई थांबून बघत राहिल्या. डब्लिनला या दिवसांत सगळ्या गल्लीत पानं उडवणारी यंत्रं कोकलत असतात. आणि आमच्या रेडमंडला छपरावरचं शेवाळ घालवायला माणसं बोलवावी लागतात. इथे तेच शेवाळ मांडीवरच्या मुलासारखं सांभाळत होते.

तळ्याजवळ म्हणजे कुठे, हा प्रश्न आम्हाला आत शिरल्यावर पडला. बागेत तळ्याजवळ नाही अशी जागाच नव्हती.

"आई, लेट्स जस्ट स्टे हिअर," रेणू म्हणाली. "एन्ट्रन्सजवळ थांबू. ती येईल तर इथूनच येईल."

थांबलो. अकरा वाजले. सव्वाअकरा. एक शाळेची सहल आली आणि गेली. ताईंनी तीनदा पर्स उघडून बंद केली. साडेअकराला त्या म्हणाल्या, "नाही येणार."

"अहो ताई, आत कुठेतरी बसल्या असतील," मी म्हटलं. "चला, एक फेरी मारू."

म्हणून आम्ही डावीकडून निघालो. ताई काठी टेकत मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. कुणी एकटी म्हातारी बाई दिसली की रेणू पुढे होऊन वाकून विचारायची, "साचिको-सान?" पहिली बाई हसून नाही म्हणाली. दुसरीला वाटलं आम्ही फोटो काढून मागतोय, तिनं आमचे चार फोटो काढले. त्या चारही फोटोंत आम्ही तिघी घाबरलेल्या दिसतो. एक फेरी संपली. साचिकोबाई नाहीत.

दुसऱ्या फेरीत, तळ्याच्या उत्तरेकडच्या वळणावर, मला पलीकडच्या काठावर राखाडी कोट घातलेली एक छोटीशी बाई दिसली. जरा वाकून, भरभर चालत होती. मी बोट दाखवेपर्यंत वाट वळली आणि पाइन आडवे आले. आम्ही घाई केली. त्या जागी पोचलो तर ती नव्हती. मागे वळून पाहिलं तर ती बाई आम्ही आधी होतो त्या काठावर. थांबून इकडेतिकडे पाहत होती आणि पुन्हा चालू लागली, आमच्याच दिशेनं फिरत.

रेणू कपाळाला हात लावून हसायला लागली. "मामी, शी इज लुकिंग फॉर अस. ती पण राउंड मारतेय. सेम डिरेक्शन."

तसंच झालं होतं. त्या आमच्याही आधी, साडेदहालाच येऊन पलीकडच्या चहाघराच्या पायरीवर बसल्या होत्या, हे नंतर कळलं. साडेअकराला त्याही शोधायला उठल्या. बाग अशी की सगळे एकाच बाजूनं फिरतात, आणि मधले जुने लाकडी पूल चालायला बंद. आम्ही पुढे गेलो की त्याही पुढे जात. आमच्यात कायम एक तळं.

"उलट्या फिरू या," मी म्हणाले.

"मी पळत जाते," रेणू म्हणाली.

पण ताई हलेनात. दुसरी फेरी होऊन तिसरीही निम्मी झाली होती आणि त्यांचे पाय थकले होते. त्या पाण्याच्या अगदी कडेला गेल्या. समोर ती राखाडी कोटाची आकृती दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत आली होती. जपानमध्ये गेल्यापासून आम्ही सगळ्या कुजबुजल्यासारख्या बोलत होतो. गाडीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, दुकानात नाही, बागेत तर नाहीच. ताईंनी काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जिन्याखालून वरच्या माणसाला हाक मारावी तशी मारली.

"साचिको, चहा!"

माळीबाबांनी डोकी वर केली. एक बगळा उडाला. पलीकडची बाई जागच्या जागी थांबली. मग तिनं हात वर केला आणि पाण्यावरून बारीक पण स्पष्ट आवाज आला, मराठीत.

"आले, आले."

क्लीव्हलंडच्या त्या क्वार्टरमध्ये ताई रोज पहाटे अशीच हाक द्यायच्या आणि वरून असंच उत्तर यायचं. चहाला त्यांच्याकडेही 'चा' म्हणतात, त्यामुळे तो शब्द साचिकोला पहिल्याच दिवशी कळला होता. 'आले, आले' तिनं ऐकून उचललं होतं. हे सगळं ताईंनी आम्हाला नंतर सांगितलं. साचिकोबाई उलट्या वाटेनं वळसा घालून आमच्याकडे आल्या. त्या दोघी समोरासमोर आल्या तेव्हा साचिकोबाई सवयीनं कमरेत वाकल्या, ताईंनी सवयीनं मिठी मारायला हात पुढे केले आणि ताईंची हनुवटी त्यांच्या डोक्यावर आपटली. मग दोघी एकमेकींचे दंड धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

चहाघर

चहाघर तळ्याच्या वर, उंचवट्यावर आहे. पाहुण्यांना चहा द्यायला डाइम्योंनी बांधलेलं. तिथून तळं पुष्कळसं दिसतं. ताईंसाठी इथेही एक छोटं स्टूल मिळालं. आधी एक गोड वडी येते, वर हिरवी पूड भुरभुरवलेली. ती खाऊन झाल्यावर दाट हिरवा, फेसाळ चहा, दोन्ही हातांत धरायच्या वाडग्यात. दूध नाही, साखर नाही, आलं तर नाहीच. पहिला घोट पालेभाजीच्या पाण्यासारखा लागतो, तिसरा चांगला लागतो, आणि संपल्यावर अजून हवा होता असं वाटतं.

ताईंनी वडीला हात लावला नव्हता.

"साचिको," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला तुझ्या वडिलांबद्दल बोलायचंय. त्या सहा रात्रींबद्दल."

साचिकोबाईंनी वाडगा खाली ठेवला. त्यांचं इंग्रजी गंजलं होतं. शब्द शोधत, थांबत बोलत होत्या. "आठवतं मला."

"मी नाही म्हटलं. तुला त्यांना भेटता आलं नाही."

"नाही आलं."

"मला माफी मागायची होती. पन्नास वर्षं होत आली, मी मागितली नाही. पत्रातही लिहिलं नाही."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, छे छे, त्यात काय. असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्यांच्याकडेही असावी. त्या तसं म्हणाल्या नाहीत. पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "रागावले होते मी. दोन वर्षं. नवीन वर्षाची कार्डं पाठवायचे ना, ती रागातच पाठवायचे. आमच्याकडे राग असला तरी कार्ड पाठवावंच लागतं."

ताई मान खाली घालून ऐकत होत्या.

"मग मला मुलगा झाला," साचिकोबाई म्हणाल्या. "तो आठ महिने रात्रीचा झोपला नाही. नवरा बाहेरगावी नोकरीला. दिवसा दवाखाना. त्या आठ महिन्यांत कुणी मला म्हणालं असतं की सहा रात्री माझं काम कर, तर मी त्याला चावले असते. एके दिवशी पेशंटचा हात हातात होता आणि मला डुलकी लागली. तेव्हा तुझी आठवण आली. राग तिथे संपला."

ताईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी. पर्समधून रुमाल काढायला गेल्या तर मेतकुटाची डबी हाती आली. ती पाहून साचिकोबाई म्हणाल्या, "हे अजून करतेस तू?" आणि डबी उघडून वास घेतला.

"मग कार्डं का थांबवलीस?" ताईंनी विचारलं.

"मी नाही थांबवली. दोन परत आली. तू घर बदललंस आणि कळवलं नाहीस."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. डब्लिनला घर घेतलं तेव्हा त्यांनी अख्ख्या जगाला पत्ता कळवला होता. या एका माणसाला मात्र नाही, कारण कार्ड आलं की त्या सहा रात्री आठवायच्या. आपणच दार लावून घेतलं आणि आतून म्हणत राहिलो की कुणी येत नाही. हे त्यांनी तिथेच साचिकोबाईंना सांगून टाकलं. साचिकोबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ताईंची वडी त्यांच्यापुढे सरकवली. "आधी हे खा. नियम आहे. चहा गार झाला की हिरवं पाणी उरतं."

रेणूनं हळूच विचारलं, "मला तुम्ही पाहिलं होतं ना? मी कशी होते?"

"एवढीशी," साचिकोबाईंनी कोपरापासून मनगटापर्यंत दाखवलं. "रोज रात्री काम झालं की मी नर्सरीत यायचे. काचेला गोल भोक असायचं, त्यातून हात घालायचा. तू माझं हे बोट धरायचीस. सोडायची नाहीस. नर्स ओरडायची मला."

त्यांनी करंगळी पुढे केली. शेहेचाळीस वर्षांच्या रेणूनं ती धरली. मग आम्ही सगळ्यांनी दुसरा चहा मागवला.

निघण्याआधी साचिकोबाई म्हणाल्या, तुम्ही बाग पाहिलीच नाही, तुम्ही मला शोधत होता. म्हणून त्यांच्याबरोबर आणखी एक फेरी झाली, अतिशय सावकाश. लहानपणी वडिलांबरोबर त्या इथे यायच्या. कुठल्या दगडाजवळ थांबायचं आणि मान किती वळवायची हे त्यांना पाठ होतं. आता किल्ला बघा. आता नका बघू. आता फक्त पाणी. त्यांनी सांगितलेल्या जागी थांबल्यावर तेच तळं, ज्याच्याभोवती आम्ही अडीच वेळा धावलो होतो, पहिल्यांदा नीट दिसलं. बेटावरचा एक पाइन जवळजवळ पाण्याला टेकला होता. त्याखाली बदकं उन्हाला बसली होती.

"आणखी एक," त्या रेणूला म्हणाल्या. "तुला नाव नव्हतं. पेटीवर नुसतं 'बेबी गर्ल' लिहिलेलं. तुझी आई म्हणायची, घरी आणल्यावर समारंभ करून ठेवणार."

"बारसं," ताई म्हणाल्या.

"हो. पण तीन आठवडे एखाद्याला नावाशिवाय कशी हाक मारायची? म्हणून मी एक ठेवलं होतं. थंडी सुरू झाल्यावर मध्येच चार दिवस ऊन पडतं, आज पडलंय तसं, त्याला आम्ही कोहारू म्हणतो. छोटा वसंत. तुझा जन्म झाला तेव्हा ओहायोत तसंच ऊन होतं. मी तुला कोहारू म्हणायचे."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ताई म्हणाल्या.

"मूल तुझं होतं."

दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून पुढे निघाल्या, मी त्यांच्या मागे. रेणू तळ्याशीच उभी राहिली. फाटकापाशी पोचल्यावर ताई वळल्या. ती अजून तिथेच होती, पाण्याकडे तोंड करून.

"कोहारू," ताईंनी हाक मारली, "चल गं बाळा."

आणि रेणूनं ओ दिली.